कागद बी गोड लागतो का

बार्शीला आमचं किराणा दुकान होतं, भाजी मंडईच्या मागच्या गल्लीत. अण्णा सुटी साखर द्यायचे ती पारड्यात आधी रद्दीचा जाड कागद टाकून, त्यावर साखर ओतून, आणि काटा बसला की तोच कागद चारी बाजूंनी उचलून दोऱ्याचे दोन वेढे मारले की पुडी तयार. म्हणजे कागदाचं वजन साखरेच्या भावात. गावातले सगळेच दुकानदार तसं करायचे, त्यामुळे त्यात काही वावगं आहे हे कोणाच्या डोक्यातही यायचं नाही, निदान गल्ल्याच्या आतल्या बाजूला बसणाऱ्यांच्या तरी नाही. एकदा तांड्यावरची एक बाई पावशेर साखर घ्यायला आली, तिने पारड्याकडे बघितलं आणि म्हणाली, "शेठ, कागद बी गोड लागतो का?" अण्णा हसले, मी पण हसले, अण्णांनी चिमूटभर साखर वर टाकली. बाई काही हसली नाही. पुडी घेतली आणि गेली.

हे मला तीस-पस्तीस वर्षांनी नैरोबीत आठवलं.

नवऱ्याची बदली झाली म्हणून आम्ही चार वर्षं तिकडे होतो, पार्कलँड्स भागात. पहिल्याच आठवड्यात ड्रायव्हरला विचारलं की मीठ-साबण कुठे मिळेल, तर तो म्हणाला दुकामध्ये. दुका? हो, स्वाहिलीत दुकानाला दुकाच म्हणतात. मग हळूहळू कळत गेलं की बाजाराची अर्धी भाषा आपल्याकडून बोटीत बसून गेलीय. पैशाला पेसा, गोणीला गुनिया, रंगाला रांगी, लाखाला लाकी, परटाला दोबी. आणि व्यापाऱ्याला बेपारी. फक्त या बेपारी शब्दाचा अर्थ आता तिकडे भांडवलदार असा होतो, आणि उबेपारी म्हणजे भांडवलशाही! मला हे कळलं तेव्हा आधी गंमत वाटली आणि मग जरा वेळाने तेवढी गंमत वाटेना. किराणा दुकानदाराची पोर मी, आमच्या जमातीचं नाव एखाद्या भाषेत शिवीच्या इतक्या जवळ जाऊन बसलं असेल तर त्याला काहीतरी कारण असणार ना.

नैरोबी हे काही जुनं गाव नाही. मसाई लोकांच्या गुरांचं पाणी पिण्याचं ठिकाण होतं, नावाचा अर्थच गार पाणी. मोंबासाहून १८९६ ला इंग्रजांनी रेल्वे टाकायला घेतली, ती १८९९ च्या मे महिन्यात इथे पोचली, मोंबासापासून ३२७ व्या मैलावर, आणि पुढे घाट चढायचा म्हणून सामानाचा डेपो इथे टाकला. दलदलीची जागा, तंबू आणि पत्र्याची खोपटी. रेल्वेसाठी हिंदुस्थानातून करारावर साधारण ३२ हजार मजूर नेले होते, त्यातले अडीच हजाराच्या आसपास मेले आणि पावणेसात हजारांच्या आसपास तिथेच राहिले. आपल्याला वाटतं की हेच मजूर पुढे दुकानदार झाले. मलाही तसंच वाटायचं. पण दुकानदार बहुतेक वेगळेच, ते स्वतःच्या पैशाने बोटीचं तिकीट काढून आलेले, कच्छ, जामनगर, पोरबंदरकडचे. लोहाणा, खोजा, बोहरी, ओसवाल शहा, नंतर पटेल. मजूर रूळ टाकत पुढे जाणार आणि त्यांच्या मागोमाग यांचं पीठ-मीठ-तेल. कच्छमधल्या केरा गावचा अल्लीदिना विश्राम हा त्यातला सगळ्यात मोठा, पोरगेल्या वयात झांझिबारला उतरलेला, रेल्वे जसजशी सरकली तसतशी त्याची दुकानं स्टेशनागणिक उघडत गेली, पार युगांडापर्यंत. आणि कराचीचा अलीभाई मुल्ला जीवनजी, ज्याने रेल्वेला मजूरही पुरवले आणि त्यांचं रेशनही, म्हणजे भूकही त्याच्याकडून आणि धान्यही त्याच्याकडून, याला म्हणतात धंदा.

तर स्टेशनाजवळ इंडियन बाजार उभा राहिला. पत्र्याची छपरं, पुढे दुकान, मागे संसार, मधे एक पडदा. १९०२ मध्ये तिथे प्लेग झाला. पहिले रोगी ओळखले ते रिबेरो नावाच्या गोव्याच्या डॉक्टरनी, रोझेंडो आयरिस रिबेरो, हे गृहस्थ नैरोबीत झेब्र्यावर बसून व्हिजिटला जायचे, खरंच, फोटो आहे त्यांचा. त्यांनी सरकारला कळवलं आणि मेडिकल ऑफिसरनी काय केलं, तर अख्खा बाजारच जाळून टाकायचा हुकूम दिला. दुकानं, माल, सगळं. पुण्यात १८९७ ला रँडच्या वेळी सोजिरांनी घरात शिरून लोकांचं सामान रस्त्यावर काढून जाळलं त्याला तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती, म्हणजे साहेबाकडे प्लेगवर औषध एकच, काडेपेटी. आणि ती काडेपेटी बहुतेक त्याच बाजारातून विकत घेतलेली असणार, हे मात्र माझं आपलं मनचं.

नंतर सायंटिफिक भाषेत पण तेच आलं. सिम्प्सन नावाचे एक प्राध्यापक, आधी कलकत्त्याला हेल्थ ऑफिसर होते, त्यांनी १९१३ ला रिपोर्ट दिला की गोरे, हिंदी आणि आफ्रिकन यांच्या वस्त्या वेगवेगळ्या ठेवा, आरोग्यासाठी. वस्त्या वेगळ्या ठेवता येतात हो, पण गोऱ्या मॅडमच्या घरातली साखर संपली की काय करायचं?

तर चिठ्ठी लिहायची.

ही चिठ्ठीची पद्धत मला बियाशारा स्ट्रीटवरच्या एका काकांनी सांगितली. बियाशारा म्हणजे धंदा, आधी याच रस्त्याचं नाव बझार स्ट्रीट होतं. काकांचं दुकान कांगा म्हणजे तिकडच्या बायकांची छापील वस्त्रं, ब्लँकेटं आणि शाळेचे स्वेटर यांचं. सत्तरी ओलांडलेली, वडील जामनगरकडचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हिंदीत बोलले, त्यांनी लगेच ओळखलं, मुंबई? म्हटलं नाही, बार्शी. बार्शी म्हणजे काय हे त्यांना कळायचं कारणच नव्हतं, पण वडिलांचं किराणा दुकान होतं म्हटल्यावर त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. दुकानदाराच्या पोरीला गिऱ्हाइकासारखं उभं कसं ठेवायचं.

त्यांचे वडील नैरोबीत यायच्या आधी वर डोंगराळ भागात एका रेल्वे स्टेशनाशेजारी दुका चालवायचे. आजूबाजूला गोऱ्यांचे फार्म. मेमसाब कागदाच्या चिठोऱ्यावर लिहिणार, इतकी साखर, इतका चहा, रॉकेल, एक डझन मेणबत्त्या, आणि घरगडी तो कागद घेऊन काही मैल चालत दुकानात येणार. हा शब्द पण बघा, आपली चिठ्ठी, इंग्रजांनी तिचं चिट केलं आणि आफ्रिकेत नेलं. काका म्हणाले, गोऱ्याचं बिल वर्षातून एकदा, पीक विकलं की. तोवर सगळं उधार. आणि हाच गोरा क्लबात बसून ठराव करणार की हिंदी माणूस घाणेरडा, लबाड, त्याला या देशात येऊ देऊ नका! उधारी बुडवायची सगळ्यात सोपी रीत म्हणजे सावकाराला हाकलून द्या.

मी त्या चिठ्ठीचा बराच विचार केला. लिहिणारी गोरी, वाहणारा तिथल्या किकुयू जमातीचा, वाचणारा गुजराती. तिघांची वस्ती वेगळी, दवाखाना वेगळा, शाळा वेगळी, आणि एक कागद तिघांच्या हातातून जातोय. आता समजा साखर घरी गेल्यावर कमी भरली. मेमसाब कोणावर ओरडणार? दुकानदार तिच्यासमोर नाही. समोर तो घरगडी. वाटेत तूच खाल्लीस. म्हणजे पारड्यातल्या कागदाचं वजन शेवटी कोणाच्या पाठीवर पडत असेल ते सांगायला नको.

आणि त्या माणसाच्या गळ्यात आधीच एक कागद होता. किपांडे. पहिल्या महायुद्धानंतर प्रत्येक प्रौढ आफ्रिकन पुरुषाला हा पास सक्तीचा केला, नाव, बोटांचे ठसे, कोणाकडे कामाला, पगार किती, आणि तो पत्र्याच्या छोट्या डबीत घालून दोरीने गळ्यात अडकवायचा, गुरांच्या गळ्यातल्या घंटेसारखा. आमचा ड्रायव्हर किकुयू होता, त्याच्या आजोबांकडे ती डबी होती म्हणे. तो एरवी फार बोलायचा नाही पण एकदा ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना त्याने सांगितलं की आजी अजून म्हणते, दुकानदार आपल्याकडून मका घेताना एक माप वापरायचा आणि आपल्याला मीठ देताना दुसरं. मग आरशात माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, सॉरी मॅडम. मी म्हटलं सॉरी कशाला, आमच्याकडे पण हेच. मापात पाप ही म्हण कुठून आली मग.

पण एवढंच खरं नाही ना, हेच तर अवघड आहे. झोपडीवरचा कर म्हणजे हट टॅक्स सरकार मागायचं रुपयांत, हो, आपल्या रुपयांत, १९२० पर्यंत तिथलं चलन आपलाच रुपया होता. आता ज्याच्याकडे शेळ्या आहेत, मका आहे, कातडी आहेत, त्याने रुपया आणायचा कुठून? एक तर गोऱ्याच्या शेतावर मजुरीला जायचं, नाहीतर दुकावाल्याला माल विकायचा. माप खोटं असेल, पण निदान तिथे गोऱ्याच्या शेतावर राबायला लागत नव्हतं. म्हणून गोऱ्यांना दुकावाला नको होता, आणि म्हणूनच आफ्रिकन माणूस त्याला शिव्या घालत का होईना त्याच्याकडेच यायचा. मग १९२० ला सरकारने एक शिलिंग चार पेन्सचा रुपया दोन शिलिंगांवर पक्का केला, पुढे फ्लोरिन आलं, मग शिलिंग, आणि या उलाढालीत गोऱ्या शेतकऱ्यांची कर्जं एका झटक्यात दीडपट झाली. त्याची भरपाई कशी काढली? मजुरांचा पगार एक तृतीयांश कापून. त्याविरुद्ध हॅरी थुकू नावाचा किकुयू पुढारी उभा राहिला, मार्च १९२२ मध्ये त्याला पकडलं आणि जमलेल्या लोकांवर नैरोबीत गोळीबार झाला. तिथून इंडियन बाजार काही फार लांब नाही.

कपड्यांकडे येते, कारण कपडा हा खरा धंदा. सुरुवातीला सगळ्यात जास्त खपायचं ते अमेरिकानी. कोरं, जाडंभरडं, न धुतलेलं कापड, आधी ते अमेरिकेतल्या गिरण्यांतून झांझिबारला यायचं म्हणून हे नाव. मग तिकडे यादवी युद्ध झालं, माल बंद पडला आणि पुढे मुंबईच्या गिरण्यांनी ती जागा घेतली, पण नाव अमेरिकानीच राहिलं. मी काकांना म्हटलं दाखवा ना कसं असतं, त्यांनी मागून एक ताग्याचा तुकडा काढला, हात लावला आणि म्हटलं, अहो हा तर मांजरपाट! अण्णांच्या बंड्या याच्याच. परळ-लालबागात आपल्या कोकणातल्या आणि घाटावरच्या माणसांनी जे विणलं ते हे.

कांगा मात्र वेगळी चीज. दोन तुकड्यांची जोडी, गडद काठ, मध्ये मोठं डिझाइन आणि खाली एक ओळ स्वाहिलीत छापलेली, म्हण नाहीतर टोमणा. बायका त्या ओळीवरून कांगा निवडतात, सवतीला टोमणा मारायचा तर टोमणेवाला, जावेला वेगळा, मैत्रिणीला वेगळा. आमच्याकडे उखाणे असतात तोंडी, यांचे कमरेला. मोंबासाच्या गुजराती व्यापाऱ्यांनी बायकांकडून कळून घेतलं काय चालेल ते आणि छापून आणलं, कधी हॉलंडहून, कधी जपानहून, आणि आता बराचसा माल येतो आपल्या गुजरातेतल्या जेतपूरहून. जोडी अखंड येते, ती मधून कापून कडा शिवायला दुकानाच्या पायरीवर एक फुंदी म्हणजे शिंपी मशीन घेऊन बसलेला. काकांच्या दाराशी बसणारा फुंदी इतका सरळ कापायचा की काकांच्या काउंटरवर ठेवलेल्या पितळी गजाची त्याला गरजच नव्हती. तो गज काकांच्या वडिलांचा. आकडे पुसलेत, काउंटरचं लाकूड मधे खोलगट झालंय, रोज शंभर वेळा कापड सरकून.

चपलांचं थोडक्यात. लोक अनवाणी असायचे, दुकावाल्यांनी कॅनव्हासचे बूट विकले, मग बाटाने नैरोबीजवळ लिमुरूला कारखाना काढला. आपल्याला जसा बाटा आपलाच वाटतो तसा तिकडे त्यांना त्यांचा वाटतो, यावरून माझं आणि आमच्या मोलकरणीचं एकदा भांडण होता होता राहिलं. पण खरी चप्पल अकाला, जुन्या टायरची. बाजारात पहिल्यांदा बघितली आणि तिथेच थांबले, कारण बार्शीच्या आठवडी बाजारात टायरच्या वहाणा विकणारा माणूस अगदी असाच बसायचा, पायांच्या मधे टायर धरून, तोच बाक असलेला चाकू. गोरे लोक मात्र डोक्याचं बघायचे. विषुववृत्ताचं ऊन मेंदूत शिरतं अशी भीती, म्हणून दुहेरी फेल्टची टेराय हॅट आणि पाठीच्या कण्याला ऊन लागू नये म्हणून पाठीवर जाड कापडाचं पॅड! जुलैमध्ये त्या गावात मला स्वेटर लागायचा.

आता तिसरा कागद, जमिनीचा. वरच्या सुपीक भागात, ज्याला व्हाइट हायलँड्स म्हणायचे, हिंदी माणसाला जमीन घेता येत नसे. १९०८ पासून सरकारी धोरणच तसं, आणि १९२३ च्या ब्रिटिश सरकारच्या डेव्हनशर श्वेतपत्रिकेत ते कायम झालं. कौन्सिलात गोऱ्यांना अकरा जागा, संख्येने कितीतरी जास्त असलेल्या हिंदी लोकांना पाच. श्वेतपत्रिकेत वर हेही लिहिलं की आफ्रिकनांचं हित सर्वोच्च, आणि त्यांना स्वतःची एकही जागा नाही. फार्मवाल्याला खुरपं विकायचं, बियाणं उधार द्यायचं, पण फार्म घ्यायचं नाही. मग पैसा जाणार कुठे, तर दुकानात, बाजारातल्या प्लॉटमध्ये, पोरांच्या शिक्षणात. तो जीवनजी, ज्याने १९०६ मध्ये शहराला स्वतःच्या खर्चाने बाग करून दिली आणि वर व्हिक्टोरिया राणीचा पुतळा पण बसवून दिला, त्यालाही तिथे जमीन नाही. बाग अजून आहे, दुपारी तिथे रस्त्यावरचे प्रवचनकार आणि डबा खाणारे क्लार्क. १९९१ मध्ये तिथे पार्किंग करायचं घाटत होतं तेव्हा त्याची नात झरीना पटेल आडवी उभी राहिली. पुतळा मात्र २०१५ मध्ये कोणीतरी पाडला. मी बघितलं तेव्हा नुसता चौथरा. मला काही फार वाईट वाटलं नाही, खरं सांगायचं तर.

आपल्या माणसांचा उल्लेख राहायला नको, औंधचे राजपुत्र अप्पासाहेब पंत हे १९४८ ते १९५४ नैरोबीत भारताचे कमिशनर होते, आणि आफ्रिकन पुढाऱ्यांशी त्यांची इतकी ऊठबस की इंग्रज वैतागले होते. ते हिंदी लोकांना सांगायचे की तुम्ही आता आफ्रिकनांच्या बाजूने उभे राहा. काकांना हे आठवत होतं, त्यांच्या वडिलांना ते पटलं होतं म्हणे. मी विचारलं पटलं म्हणजे काय केलं त्यांनी? काका म्हणाले, पटलं बेन, दुकान उघडायचं होतं ना सकाळी.

चौथा कागद पासपोर्ट. १९६३ ला केनिया स्वतंत्र झाला, दोन वर्षांत नागरिकत्व घ्या म्हणाले, पुष्कळांनी ब्रिटिश पासपोर्ट धरून ठेवला. १९६७ ला ट्रेड लायसन्सिंग ॲक्ट आला, नागरिक नसाल तर शहराच्या मुख्य भागाबाहेर धंदा नाही, अमुक मालात धंदा नाही. आणि १९६८ च्या मार्चमध्ये इंग्लंडने घाईघाईने कायदा करून त्याच पासपोर्टवाल्यांना दार लावायला घेतलं. त्याआधी पोचण्यासाठी लोकांनी मिळेल ते विमान पकडलं. काकांचे दोन भाऊ गेले लेस्टरला. वडिलांनी केनियाचा पासपोर्ट आधीच घेतला होता, का, तर गोऱ्यांची उधारी वसूल व्हायची होती म्हणून! काकांनी हे इतक्या सरळ चेहऱ्याने सांगितलं की मला अजून कळत नाही खरं होतं की चेष्टा.

स्वाहिलीत एक म्हण आहे, माली बिला दफ्तरी हुपोतेया बिला खबरी. वहीत नोंद नसलेला माल न कळताच नाहीसा होतो. यातला दफ्तर शब्द आपण सगळे ओळखतो, खबर पण ओळखतो. ही म्हण काकांच्या गल्ल्याच्या वर फ्रेम करून लावलेली होती, गणपतीच्या शेजारी.

परत यायच्या आधीच्या आठवड्यात मी नणंदा-जावांसाठी चार जोड्या कांगा घेतल्या. फुंदीने कापून शिवून दिल्या. आणि पैसे द्यायला गेले तर मोबाईलवरून पैसे द्यायच्या एम-पेसाचं नेटवर्क डाऊन, पर्समध्ये कॅश नाही. मी म्हटलं राहू दे, उद्या येऊन नेते. काका म्हणाले, लई जाओ, काले आपजो. आणि काउंटरखालून ती लांबट लाल कापडी पुठ्ठ्याची वही काढली, आमच्या दुकानात होती तशीच, दिवाळीला जिच्यावर हळद-कुंकू पडतं ती. उजव्या बाजूला लिहिलं. मी उलटं वाचलं, गुजराती अक्षर आपल्याला लागतंच: मराठी बेन, ४ जोडी.

दुसऱ्या दिवशी पैसे दिले, त्यांनी डाव्या बाजूला जमा केले, मग स्वाहिली पेपरच्या पानात माझा गठ्ठा परत नीट बांधून दिला कारण मी घडी विस्कटली होती. त्यांच्या हाताकडे बघताना मला बार्शीची पुडी आठवली आणि मी ती साखरेची गोष्ट सांगितली, त्या बाईचं वाक्य जमेल तसं गुजरातीत करून. काका हसले, चांगलं पोट धरून हसले. मग चष्मा काढून पुसला.

"मारा बापुजी तो," ते म्हणाले, "कागळ ज जाडो मंगावता."

दारात एक बाई येऊन उभी होती, पाठीला बाळ बांधलेलं. काकांनी चष्मा लावला, गज सरळ केला आणि तिला आत बोलावलं. करीबू मामा, करीबू.